एका मुद्रितशोधक काकांना आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप काकांस,
सादर नमस्कार.

पुस्तकाच्या पहिल्या पानांत मुखपृष्ठ कुणाचं, अक्षरजुळणी कुणाची, छपाई कुठे झाली हे सगळं असतं. मुद्रितशोधकाचं नाव असलंच तर या सगळ्यांच्या खाली, बारीक टायपात. माझ्या पहिल्या कथासंग्रहात तेवढंही नव्हतं. म्हणून हे आभार चार लोकांसमोर मानते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही. पण ज्यांनी पुण्यात तुमच्याकडून प्रुफं तपासून घेतली आहेत, त्यांना चार ओळी वाचल्यावर कळेलच.

संग्रह आला आणि थोड्याच दिवसांत एका रविवार पुरवणीत त्याचं परीक्षण आलं. चांगलं अर्धं पान, आणि जवळजवळ सगळंच विरोधात. घरच्यांनी, मैत्रिणींनी दोन प्रकारे समजूत घातली. एक, त्या माणसाला साहित्यातलं काय कळतंय. दोन, मोठमोठ्या लेखकांवरही टीका झालीच होती. दोन्ही प्रेमापोटीच. पण पहिल्याने माझा राग वाढला आणि दुसऱ्याने धास्ती वाढली. मोठ्यांवर टीका झाली हे खरं, पण टीका झालेले सगळेच काही मोठे झाले नाहीत.

तुम्ही समजूत घातली नाहीत. "कात्रणाची झेरॉक्स घेऊन ये, आणि पुस्तक आण," एवढंच म्हणालात.

प्रुफं तपासायची तुमची पद्धत मला तोवर ठाऊक झाली होती. चूक नक्की असेल तिथेच लाल शाई. शंका असेल तर समासात पेन्सिलीने, शेजारी प्रश्नचिन्ह, म्हणजे निर्णय लेखकाचा. त्याच पद्धतीने तुम्ही ते परीक्षण तपासायला बसलात. 'कथा संथ आहेत' या वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलंत, 'कोणती? कुठून?' 'लेखिकेला महानगर समजलेलं नाही' याच्याखाली लाल रेघ ओढलीत, कारण संग्रहातली एकही कथा महानगरात घडत नाही. असं करत करत तुम्ही 'संवादांत सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात' या वाक्यापाशी आलात आणि पेन खाली ठेवलंत. पुस्तकातलं दोन बहिणींचं भांडण काढलंत आणि मोठ्याने वाचायला लागलात, 'थोरली म्हणाली', 'धाकटी म्हणाली' हे शब्द गाळून. मध्येच थांबून विचारलंत, "आत्ता कोण बोललं?" मला पान बघितल्याशिवाय सांगता आलं नाही.

"हे एक वाक्य ठेवून घे," तुम्ही म्हणालात. "बाकीचं रद्दीत गेलं तरी चालेल."

काका, टीका कशी पचवायची यावर मी पुष्कळ ऐकलं आहे. कातडी जाड कर, हा सल्ला तर येताजाता मिळतो. पण जाड कातडीने लिहिता येत नाही, निदान मला तरी. तुम्ही मला वाचायला शिकवलंत. अर्धं पान मला गिळायला उठलं होतं. त्यातलं माझ्या कामाचं वाक्य शोधलं तेव्हा उरलेलं सगळं माझ्याविषयी नव्हतंच. त्याच रात्री मी ते भांडण नव्याने लिहायला घेतलं.

मोठ्या लेखकांच्या गोष्टी तुम्हीही सांगत होता, पण वेगळ्या. विजय तेंडुलकरांचं 'गृहस्थ' हे नाटक चाललं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मग ते मोडून 'श्रीमंत' लिहिलं. ही गोष्ट सांगून तुम्ही एवढंच म्हणालात, "न लिहिण्याची शपथ मोडली तर पाप लागत नाही." कवी मर्ढेकरांचं सांगितलंत. 'काही कविता' १९४७ साली आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२मध्ये ते निर्दोष सुटले. पण त्याआधीच, १९५१ साली, 'आणखी काही कविता' बाहेर पडली होती. निकालाची वाट बघत ते हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे तुम्हाला सांगायचं होतं. आणि केशवसुत. १९०५ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने काढल्या त्या १९१७मध्ये. ही गोष्ट सांगताना तुमचा सगळा जीव आपट्यांमध्ये असायचा. त्या कविता कुणीतरी जमवल्या असतील, नकला केल्या असतील, प्रुफं वाचली असतील, असं तुम्ही आपलेपणाने म्हणायचात.

परीक्षणापेक्षा जास्त छळते ती शांतता. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीपाशी येऊन ठेपतं. उन्हाळ्यात कथा पाठवायची, पावसाळाभर फोनकडे बघायचं आणि अंक स्टॉलवर आला की अनुक्रमणिका चाळून आपलं नाव नाही हे स्वतःच शोधून काढायचं. नकाराचं पत्र आलं तर निदान कुणीतरी वाचलं असं वाटतं. तुम्ही मला वही करायला लावलीत: कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी, काय झालं. आणि नियम घालून दिलात की परत आलेली कथा घरात मुक्कामाला ठेवायची नाही. एकदा वाचायची, खटकेल ते दुरुस्त करायचं आणि आठवड्याच्या आत पुढच्या पत्त्यावर रवाना करायची. हा नियम मी आजही पाळते. माझ्यापेक्षा लहान कथालेखक भेटतात, त्यांनाही पहिल्यांदा वहीच करायला सांगते.

अजून एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. माझ्याच वर्षी पहिला संग्रह आलेल्या एका लेखिकेला पुरस्कार मिळाला, तेव्हा माझा चेहरा तुम्ही बघितला होता. मत्सर वाईट वगैरे काही बोलला नाहीत. ग्रंथालयातून तिचं पुस्तक आणून माझ्या हातात दिलंत. "वाच, मग बोलू." पुस्तक चांगलं होतं, काही कथा तर फारच चांगल्या. वाचता वाचता पुरस्कार मागे पडला आणि ती शेवट कसे करते याकडे माझं लक्ष लागलं. आम्ही दोघी आता एकमेकींचे कच्चे खर्डे वाचतो. ही मैत्री तुमच्यामुळे झाली, हे तिलाही माहीत आहे.

काका, तुम्ही कधी माझी कथा 'छान' म्हणाला नाहीत. त्याची मला पूर्वी फार ओढ होती. आता वाटतं, 'छान' मी लगेच विसरले असते. समासातली तुमची प्रश्नचिन्हं मात्र लिहिताना आपोआप डोळ्यांसमोर येतात.

दुसऱ्या संग्रहाची प्रुफं पुढच्या महिन्यात येतील. ती संगणकावरच तपासायची असं प्रकाशकांनी ठरवलं आहे, ते काम दुसरं कुणी करील. पण शेवटची कथा मी कागदावर छापून तुमच्याकडे घेऊन येणार आहे. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून मोठ्या टायपात. दमलात तर मी वाचून दाखवीन. त्या कथेचा शेवट मला अजून पटलेला नाही आणि नेमकं काय खटकतंय ते सापडत नाहीये. तेवढं बघाल ना?

काकूंना नमस्कार.

आपली,
पहिल्या संग्रहाची लेखिका