शेवटचा बटवडा

देवरुख
9 जून

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही बरे आहोत. व्हॉट्सअॅपवर लिहिता आलं असतं, पण तिथे तू अंगठा टाकून मोकळी होतेस. शिवाय छत्तीस वर्षं मी गावाची पत्रं वाहिली आणि स्वतःच्या मुलीला एक ओळ लिहिली नाही, हे परवा लक्षात आलं आणि बरं वाटलं नाही.

रविवारी तुझा फोन आला. नेहमीसारखा माझ्याच मोबाईलवर. सतरा मिनिटं बोललो. चिमणीची शाळा, जावईबापूंची बदली, तुमच्या सोसायटीतला टँकर. ठेवता ठेवता म्हणालीस, "आईला सांगा, उगाच काळजी करत बसू नको म्हणावं." आई समोरच पाटावर बसून आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. मी फोन ठेवला आणि तिला म्हणालो, "मनू तुझी आठवण काढत होती."
तिने मान वर न करता विचारलं, "असं म्हणाली?"
"हो."
"ती म्हणाली, की तुम्ही म्हणताय?"

मी उठून पडवीत गेलो. पाऊस बघायचं निमित्त केलं. पाऊस नव्हता.

मनू, तुला आणि आईला एकमेकींशी धड बोलता येत नाही, याचं खापर तू तिच्या स्वभावावर फोडतेस. ती तुझ्या शिक्षणावर फोडते. मधल्या माणसाचं नाव कुणीच घेत नाही. ते मीच घेतलेलं बरं.

नोकरीला लागलो 1983 साली, तेव्हा आम्हाला ई. डी. म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणत, आताचे ग्रामीण डाक सेवक. सायकल मिळाली ती नंतर. पहिली दोन वर्षं पायीच वाड्या तुडवल्या. निम्म्या घरांत वाचणारं कुणी नसायचं, तेव्हा पत्र द्यायचं, ओट्यावर टेकायचं आणि वाचून दाखवायचं. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. आपल्या भागातली किती माणसं गिरण्यांत होती ते तुला माहीत आहे. मनिऑर्डरी आटल्या होत्या, कार्डं मात्र यायची. एका म्हातारीच्या मुलाचं कार्ड आलं: नोकरी गेली, आता पैशांची आशा करू नये, गणपतीला येत नाही, वाट बघू नये. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. मी वाचलं, "कामाची गडबड आहे, जमलं तर गणपतीला येतो, काळजी घे."

तिने मला गूळपाणी दिलं. मी ते प्यायलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती एसटीच्या थांब्यावर सकाळपासून बसून होती. शेवटची गाडी गेली तेव्हा मी तिथून घरी चाललो होतो, आणि मी तिला हाक मारली नाही. पुढे कधी तरी तिने ते कार्ड शाळेतल्या एका पोराकडून वाचून घेतलं असणार. कारण पुढच्या वेळी पत्र दिलं तेव्हा तिने ते माझ्या हातून घेतलं, कनवटीला खोचलं आणि म्हणाली, "वाचून घेईन मी. जावा तुम्ही." तेवढंच.

त्या दिवशी शहाणपण यायला हवं होतं. नोकरीपुरतं आलंही. त्यानंतर कुणाच्या पत्रातला काना-मात्रा बदलला नाही. घरी मात्र तोच धंदा पुन्हा सुरू केला, आणि तुम्हा दोघींच्या टपालावर.

तू 2009 ला पुण्याला शिकायला गेलीस. घरात एकच मोबाईल, तो माझ्या खिशात. आईच्या हातात स्वतःचा फोन आला 2016 ला, म्हणजे सात वर्षं तुमचं दोघींचं सगळं बोलणं माझ्या खिशातून गेलं. तिने म्हणावं, "तिला सांगा, रात्री-अपरात्री त्या मैत्रिणींबरोबर हिंडू नको." मी तुला सांगायचो, "आई म्हणते तब्येत सांभाळ." तू म्हणायचीस, "आईला सांगा, मी आता लहान नाही." मी तिला सांगायचो, "अभ्यासात आहे पोर, दमलीय." तुझं खरं पाकीट तिला मिळालं नाही, तिचं तुला नाही. दोघींना मिळाली ती माझी हस्तलिखितं. भांडण टळलं, हे खरं. पण भांडणानंतर जे होतं तेही टळलं.

आणि एक कबूल करतो. मला त्यात गोडी होती. तू मलाच फोन करायचीस, आईला तुझी खबर हवी तर माझ्याकडेच यावं लागायचं. घरात मान होता. पोस्टमनला वाड्यात जसा चहा मिळतो तसा.

बारावीचा निकाल आठव. आई म्हणाली होती, "एवढेच?" मी माजघरातून बाहेर येऊन तुला म्हणालो, "आई खूश आहे." तू दाराआड उभी होतीस, तू ऐकलं होतंस. तुझ्या चेहऱ्यावरून मला ते कळलं, तरी मी वाक्य मागे घेतलं नाही. "एवढेच?" का म्हणाली, त्याची एक गोष्ट आहे, तिच्या स्वतःच्या बारावीची आणि न भरलेल्या डी. एड.च्या फॉर्मची. ती मी सांगणार नाही. ती तू तिच्याकडून ऐक. हे एक तरी पाकीट न उघडता पोचवू दे.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती लिहायला मला तीन दिवस लागले.

2018 च्या दिवाळीनंतर तू मला फोन करून लग्न ठरवल्याचं सांगितलंस. म्हणालीस, "आईला तुम्हीच सांगा, तुम्हाला जमतं." मला जमत नव्हतं. त्या आठवड्यात तिचा गुडघा दुखत होता म्हणून थांबलो. मग तुळशीचं लग्न झाल्यावर सांगू म्हटलं. मग म्हटलं, रविवारी. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तुझ्या आत्याचा फोन आला, अभिनंदन करायला. तू पुण्यात तिच्या मुलाला सांगितलं होतंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझ्या हिशेबाने आईला कळून दीड आठवडा झाला होता. फोन आईने घेतला.

ती तीन दिवस माझ्याशी आणि तुझ्याशी बोलली नाही. मी तुला काय सांगितलं? "आईला थोडा वेळ दे." तू समजलीस, मुलगा आपल्यातला नाही म्हणून ती रुसली. तिने जात विचारली होती, खोटं कशाला बोलू. एकदाच विचारली आणि विषय सोडला. तिला जे लागलं ते वेगळंच होतं. चौथ्या दिवशी भात वाढताना म्हणाली, "पोटच्या पोरीची बातमी मला नणंदेकडून कळावी." तिला वाटलं, तू सगळ्या जगाला सांगून झाल्यावर तिचा नंबर लावलास. लग्नात ती पाहुण्यासारखी उभी होती असं तू म्हणतेस. बरोबर आहे. पाहुण्यासारखं कळवलं गेलं होतं.

पोस्टाच्या 1898 च्या कायद्यात कलम 53 होतं. पोस्टाच्या माणसाने टपाल उघडलं, अडकवून ठेवलं किंवा मुद्दाम लांबवलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद. आता तो कायदा गेला, 2023 चा नवा आला. मी 2019 ला निवृत्त झालो तेव्हा माझ्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता, आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चिमणीच्या वेळचंही सांगून टाकतो. आई बाळंतपणाला आली आणि दहाव्या दिवशी परत फिरली. तिने बाळाच्या जिभेला मध लावला, तू सासूबाईंसमोर तिच्यावर ओरडलीस. तुझं म्हणणं बरोबरच होतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षाच्या आत नाहीच, त्यातून बाळाला विषबाधा होऊ शकते. चुकलं ते चार माणसांतलं ओरडणं. ती घरी आली, मला काही बोलली नाही. आठवड्याने गावातलं आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई आल्या तेव्हा तिने त्यांना अंगणात बसवून अर्धा तास विचारलं: मधाचं काय, पाण्याचं काय, घुटीचं काय. तेव्हापासून आपल्या आळीत कुणाची सून बाळंत झाली की ही आधी तिच्या सासूला जाऊन बजावते, "वर्षाच्या आत मध लावशील तर बघ." मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंशी यावरून वाजलंसुद्धा. तुझी बाजू घेऊन ती आळीभर भांडत असते, मनू. हे मी तुला एकदाही कळवलं नाही. का, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. कदाचित तुम्हा दोघींचं जमलं तर माझी हद्द कमी होईल असं वाटलं असेल.

आता फोनचं. तुझी तक्रार असते, आई दोन शब्दांत बोलते आणि "घ्या हो" म्हणून मला फोन देते. तिचं बोलणं तारेसारखंच आहे, शब्दाला पैसे पडतात असं समजून बोलते: जेवलीस? बाळ? खोकला? तार 2013 च्या जुलैत बंद झाली, तिची चालूच आहे. पण दुसरं कारण तुला माहीत नाही. जानेवारीत रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. डाव्या कानाने तिला फार कमी येतं. मशीन लावा म्हणालेत, ती टाळते. आणि फोन ती सवयीने डाव्याच कानाला लावते. ऐकू आलं नाही की "हं" म्हणते. तुला ते तुटक वाटतं. तुला सांगू नका म्हणाली होती. हे वचन मी मोडतोय, पण शेवटचं.

सल्ला द्यायचा मला आता अधिकार नाही, तरी सवय जात नाही. दुपारी तीनला फोन कर, तिच्या मोबाईलवर. जेवणं उरकलेली असतात, मी झोपलेला असतो. "कशी आहेस" विचारलंस तर "बरी" म्हणेल आणि तार संपेल. कामाचं विचार. आमसुलांना यंदा किती पुटं बसली, पाऊस आधी आल्याने अर्धी ओली राहिली का, चुलीवर वाळवली की कशी. त्यावर ती बोलेल, आणि मधेच तुझ्या केसांवरून टोमणाही मारेल. मारू दे. तुला राग आला तर तिच्यावरच चिडून बोल, मला फोन करून तिच्याबद्दल बोलू नकोस. आणि एकदम गोड बोलायला जाऊ नकोस. "तू आमच्यासाठी किती केलंस" वगैरे ऐकलं की तिला वाटतं, आपल्याला काही तरी मोठा आजार झालाय आणि सगळ्यांनी लपवलाय.

तिचंही सगळं बरोबर असतं असं नाही. पहिल्या दोन-तीन फोनांत ती तुला जुनं ऐकवेल, कारण सात-आठ वर्षांचं साठलंय. बिनतिकिटाचं पत्र घेताना घेणाऱ्याला दुप्पट भरावं लागायचं. तिकीट न लावता पाकिटं टाकली मी, भरणार तू. हा अन्याय आहे, मला कळतं.

तिला मी गुरुवारी रात्री सगळं सांगितलं. तुझ्याआधी तिला, या वेळी क्रम चुकवला नाही. ती ऐकत राहिली, मग उठून मागचं दार लावून आली, झोपली. शुक्रवारी सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवून एवढंच म्हणाली, "अकरा दिवस?" चहात साखर नव्हती. अजूनही नसते.

पोरीला आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
बाबा

ता. क. स्वारगेटच्या सकाळच्या गाडीत उद्या पार्सल टाकतोय. फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि सांडगी मिरच्या आहेत. डब्यांवरची नावं आईने लिहिली आहेत, तिखट मिरच्यांच्या डब्यावर दोन रेघा आहेत. मिळाल्याची पोच माझ्याकडे देऊ नये. दरवेळी "काय म्हणाली?" असं ती विचारते, आणि मी "आवडलं म्हणाली" असं सांगतो, तू काही म्हटलेलं नसतंस.