काकू, टेकडीवरून परत फिरवलंत त्याबद्दल

प्रिय काकू,

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून पत्र लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला शिकवलेलं आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर तुम्हालाच जास्त आनंद होईल.

तीन हिवाळ्यांपूर्वी घरामागच्या टेकड्यांवर रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी मी कॅमेरा घेऊन वर गेले. डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं, फोटोत मात्र टेकडी धुरकट, मळक्या चादरीसारखी. वळणावरच्या दगडापाशी तुम्ही भेटलात. शेजारी राहूनही तोवर आपली ओळख मान डोलावण्यापुरतीच होती. तुम्ही फोटो पाहिलेत आणि म्हणालात, "कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडीच वाटतं गं. हे पांढरं आहे, ते आपण सांगायचं त्याला."

ताजा बर्फ अंगावर पडणाऱ्या उजेडातला ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला तो जास्त वाटतो, मग मीटर फोटो दाबून काळवंडून टाकतो. तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घ्यायचा उजेड, दीड स्टॉप (उजेडाच्या दीड पायऱ्या) वर नेलंत आणि कॅमेरा परत माझ्या हातात दिलात. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. माझ्या कॅमेऱ्यात पहिल्यांदाच बर्फ बर्फासारखा आला होता.

सावल्यांचंही तसंच. फोटोतल्या निळ्या सावल्या मी घरी येऊन पांढऱ्या करत बसायचे. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे वरच्या निळ्या आकाशाचाच उजेड उतरतो, हे तुम्ही मला उभं करून दाखवलंत. "खरंच निळं आहे ते. कशाला पुसतेस?" त्यानंतर मी सावल्यांना हात लावलेला नाही.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते दुसऱ्या हिवाळ्यातल्या एका दुपारचे.

दोन दिवस वारा आणि बर्फ दोन्ही चालू होतं, तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं. मला टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून शिखराच्या कडेचा फोटो हवा होता. वाऱ्याने तिथे बर्फाचा छज्ज्यासारखा पुढे आलेला ओठ तयार केला होता आणि खालून ऊन त्यातून आरपार दिसत होतं. आपण उताराच्या तोंडाशी पोचलो, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज झाला, आणि तुम्ही माझी बाही धरलीत. तिथूनच मागे वळवलंत. मी रस्ताभर नाराज होते, बोललेही नाही. तुम्ही रागावला नाहीत. चालता चालता शांतपणे सांगत राहिलात, की वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला रचतो. तो थर खालच्या थराला नीट चिकटलेला नसतो. तो आवाज म्हणजे आतला कच्चा थर बसल्याची खूण. आणि साधारण ३० ते ४५ अंशांचा उतारच हिमस्खलनासाठी सगळ्यात धोक्याचा, म्हणजे चढायला जमेल असा वाटणारा.

चार दिवसांनी लांबून त्याच उताराकडे पाहिलं. वरती बर्फ आडवा फाटल्याची सरळ रेघ होती आणि खाली ढिगारा. मी बराच वेळ तिथे उभी होते. तुम्हाला फोन करून सांगितलं, तर तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. काकू, त्या दिवशी मला जे बोलता आलं नाही ते आज बोलतेय. तुम्ही माझी बाही धरलीत म्हणून मी हे पत्र लिहायला आहे.

उजेडाची वाट पाहत बसलो असताना तुम्ही मला विल्सन बेंटलीची गोष्ट सांगितली होती. व्हरमाँटमधला शेतकरी, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १८८५ साली हिमकणाचा फोटो काढला, आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त. बहुतेक सगळे आपल्याच शेतावर. ही गोष्ट ऐकल्यापासून लांबचे डोंगर मला खुणावत नाहीत. एकच टेकडी मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहते. दुपारी ती सपाट दिसते. सूर्य खाली उतरला की तिरप्या उन्हात वाऱ्याने पाडलेली एकेक वळी उठून येते. ढगाळ दिवशी टेकडी आणि आकाश एक होतात, तेव्हा एखादं काळं झाड सापडेपर्यंत मी कॅमेरा काढतच नाही.

बारीकसारीक गोष्टी तर किती! जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. लेन्सवरचा बर्फ फुंकायचा नाही, श्वासाची वाफ तिथेच गोठते, ब्रशने झटकायचा. घरात शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करायचा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडायचा नाही, म्हणजे ओल पिशवीच्या बाहेर धरते. हे सगळं आता हातच करतात.

यंदा तुमचा गुडघा तुम्हाला वर येऊ देत नाही. पहिला बर्फ पडला त्या सकाळी मी एकटीच गेले. उणे दहाच्या खाली असावं, बूट कुरकुरत होते. वळणावरच्या दगडापाशी थांबले, एक्स्पोजर दीड स्टॉप वर नेलं, आणि दगडाच्या निळ्या सावलीसकट टेकडी टिपली.

त्याची मोठी प्रत काढलीय, रविवारी घेऊन येते. डाव्या कोपऱ्यात एक झाड आलंय, ते ठेवावं की कापावं हे माझं ठरत नाहीये. तुम्ही बघून सांगा.

तुमची,
शेजारची मुलगी