साकेच्या बाटलीवरचा आकडा म्हणजे चवीचे मार्क नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत साकेवर, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी दारूवर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं कारण मराठी पेपरात या विषयावर कोणी लिहीतच नाही, पण त्यात दोन गोष्टी अशा छापल्या गेल्यात की त्या वाचून लोक उगाच पैसे घालवतील, म्हणून हे पत्र लिहितोय. एक म्हणजे तांदूळ जितका जास्त पॉलिश तितकी साके चांगली, आणि दुसरी म्हणजे गरम करून देतात ती हलक्या दर्जाची. मी नोकरीनिमित्त काही वर्षं कोबेला होतो, साके बनवणारा नाडाचा भाग तिथेच आहे, आणि तिथल्या लोकांसोबत बसून हे सगळं थोडंफार शिकलोय, त्यामुळे राहवलं नाही.

आधी तो आकडा. बाटलीवर 50 टक्के किंवा 60 टक्के लिहिलेलं असतं, ते तांदूळ घासून झाल्यावर दाण्याचा किती भाग उरला त्याचं माप आहे. म्हणजे 60 टक्के किंवा त्याहून कमी उरला की गिंजो म्हणता येतं, 50 टक्के किंवा कमी उरला की दाइगिंजो. होनजोझोला, म्हणजे वरून थोडं अल्कोहोल घातलेल्या साध्या प्रकाराला, 70 टक्क्यांपर्यंत चालतं. दास्साई नावाची प्रसिद्ध साके आहे तिच्या एका बाटलीवर तर 23 लिहिलेलं असतं, म्हणजे 77 टक्के दाणा घासून काढून टाकला. आता हे का करतात, तर दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रोटीन आणि फॅट जास्त असतं, त्याने चव जड होते आणि फळासारखा वास दबतो. साकेचा तांदूळ वेगळा असतो, दाणा मोठा, आणि उजेडात धरून बघितला तर मधोमध दुधासारखा पांढरा डाग दिसतो. तो सगळा स्टार्च. एका ब्रुअरीत मला न घासलेला दाणा आणि 35 टक्क्यांचा दाणा शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते, दुसरा इतका बारीक आणि गोल की तांदूळ आहे हे सांगावं लागलं.

पण यावरून जास्त घासलेली ती जास्त चांगली हे कसं काय ठरतं? जास्त घासली की साके हलकी, स्वच्छ, सुगंधी होते आणि महाग होते, कारण तांदूळ वाया जातो आणि वेळ लागतो, एवढंच तो आकडा सांगतो. मला स्वतःला ज्यात तांदळाची चव राहिलीय अशी जुनमाई जास्त आवडते आणि जपानात असं म्हणणारे भरपूर लोक भेटले. जुनमाई म्हणजे फक्त तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची बुरशी, वरून अल्कोहोल घातलेलं नाही. तिच्यावर आता किमान पॉलिशची अटसुद्धा नाहीये, 2004 मध्ये काढून टाकली. आणि लेखात अल्कोहोल घातलेल्या साकेला भेसळ म्हटलंय तेही बरोबर नाही हो, होनजोझोमध्ये आणि काही गिंजोंमध्ये ते थोडंच घालतात, त्याच्यावर मर्यादा आहे, आणि त्याने सुगंध वर येतो आणि चव सुटसुटीत होते.

खरी करामत कोजीची आहे आणि लेखात तिच्यावर एकच ओळ होती याचं फार वाईट वाटलं. कोजी ही एक प्रकारची बुरशी, वाफवलेल्या तांदळावर गरम दमट खोलीत साधारण दोन दिवस वाढवतात, मधूनमधून हाताने उलटसुलट करतात, रात्री उठूनसुद्धा. द्राक्षात साखर आधीपासून असते म्हणून वाइनला हे लागत नाही, तांदळात नसते, ती कोजी बनवते, आणि गंमत अशी की एकाच टाकीत कोजी स्टार्चची साखर करत असते आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. म्हणून डिस्टिल न करता अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं, मग बहुतेक वेळा पाणी घालून 15-16 वर आणतात. याच विद्येला युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये वारसा यादीत घेतलं.

गिंजोचा केळ्याचा, खरबुजाचा, सफरचंदाचा वास येतो तो फळं घालून येत नाही, यीस्टमुळे येतो, आणि थंडीत हळूहळू आंबवल्यामुळे टिकतो. तांदळाची जातही बोलते. यामादा-निशिकी जपानच्या ह्योगो प्रांताची, 1936 मध्ये नाव मिळालं, तिची साके गोलाईदार, भरलेली. निगाताची गोह्याकुमानगोकू साफ आणि कोरडी. ओकायामाची ओमाची जुनी जात आहे, थोडी रानटी, मातीची चव, माझी सगळ्यात आवडती. आणि पाणी. आपण इंदूरवाले तर हे लगेच समजू शकतो, बोअरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि नर्मदेच्या पाण्यात झटकन शिजते, तसंच नाडाचं मियामिझू नावाचं पाणी कडक, त्यात आंबणं जोरात होतं आणि साके कोरडी दमदार होते, आणि क्योटोतल्या फुशिमीचं पाणी मऊ त्यामुळे तिथली साके मवाळ.

आता गरम करण्याचं. दाइगिंजो गरम केली तर तिचा नाजूक वास उडून जातो, ती थंडच प्यावी, हे मान्य. पण यामाहाई आणि किमोतो या जुन्या पद्धतीच्या साके, ज्यात लॅक्टिक आंबटपणा नैसर्गिकपणे तयार होऊ देतात, त्या 40-45 डिग्रीला नेल्या की वेगळ्याच होतात. थंड असताना जिभेवर नुसती आंबट आणि बंद बंद वाटणारी साके कोमट झाली की मशरूमसारखी, लोण्यासारखी चव उघडते आणि आंबटपणा मागे जातो. चिनी मातीच्या सुरईत ओतून गरम पाण्यात ठेवायची, थेट गॅसवर नाही. मी घरी भुट्ट्याच्या किसासोबत कोमट यामाहाई घेऊन बघितली, हिंग मोहरीला छान साथ देते. लसणाच्या शेवेसोबत गिंजो मात्र कृपया नको, दोन्ही वाया.

आता तक्रार. आपल्या शहरातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मेनूवर साकेच्या नावापुढे फक्त पॉलिशचा आकडा आणि भाव लिहिलाय आणि वेटर म्हणतो सर कमी नंबरवाली बेस्ट. बाटल्या बारच्या मागे दिव्याखाली उघड्या शेल्फवर, इंदूरच्या मे महिन्यात! साकेला उजेड आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत, रंग पिवळट होतो आणि वास जळका येतो. बहुतेक साके दोनदा पाश्चराइज केलेली असते तरी गार आणि अंधारात ठेवावी लागते आणि नामा म्हणजे पाश्चराइज न केलेली तर फ्रिजमध्येच. मुद्दाम जुनी केलेली कोशू सोडली तर ठेवून ठेवून ती सुधारत नाही, ताजीच प्यायची वस्तू आहे. एवढे पैसे घेऊन गिऱ्हाइकाला मेलेली साके देणं ही फसवणूक झाली, आणि मग तो म्हणतो जपानी लोक काय पितात कळत नाही. शॉटसारखी गिळून टाकायलाही कोणी सांगू नये, वाइनसारखी घोट घोट घ्यायची गोष्ट आहे.

तेव्हा संपादक साहेब, विनंती अशी की पुढच्या वेळी याच्यावर छापाल तेव्हा कोजीवर आणि साठवणुकीवर नीट लिहा. आणि हॉटेलवाल्यांनी मेनूवर तांदळाची जात, जागा, गोड की कोरडी, थंड की कोमट एवढं तरी टाकावं, बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर दाखवावी आणि तारीख छापलेली असेल तर गिऱ्हाइकाने ती जरूर बघावी.

आपला नियमित वाचक,
इंदूर