जांघेतली मोठी गाठ आणि आतली बारकी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर शुगर-बीपीवर बरंच येतं, पण प्रोस्टेटच्या (पुरुषांत मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी) पेशंटच्या रिपोर्टात 'लिम्फ नोड एनलार्ज्ड', म्हणजे लसिकाग्रंथीची गाठ वाढलीय, असं आलं तर त्याचा अर्थ काय हे मला तरी कुठे साध्या भाषेत वाचायला मिळालं नाही. मी डॉक्टर नाही, फोंड्याजवळ आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे, घरात जे झालं तेवढंच लिहितो.

गणेश चवथीच्या आधी बाबांची (वय 74) बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) 38 होता. मग सीटी स्कॅन. रिपोर्ट पाकिटात हातात मिळाला आणि डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी, पाकीट मी घरी उघडलं हीच माझी चूक. उजव्या जांघेत 16 मिलिमीटरची गाठ, एनलार्ज्ड. मडगावच्या मावसभावाने मोबाईलवर शोधून लगेच सांगितलं की पसरलाय, आणि आई म्हणाली यंदा माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतो ती फळापानांची आरास) सामान आणू नका.

डॉक्टरांनी काय केलं, तर रिपोर्ट बाजूला ठेवून आधी बाबांचे पाय बघितले. बोटांच्या बेचक्यात ह्या एवढ्या चिखल्या, भर पावसात कुळागरात अनवाणी फिरतात ना! म्हणाले, हे अवधाण आलंय, पायाला जखम झाली की जांघेत गाठ सुजते ते. आता हे आमच्या आजीनेसुद्धा सांगितलं असतं, पण इंग्रजीत छापून आलं की आपली अक्कल चालत नाही.

मग त्यांनी नीट समजावलं. प्रोस्टेटचा कॅन्सर गाठींत गेला तर सहसा आधी ओटीपोटाच्या आतल्या गाठींत जातो, जांघेत हाताला लागतात त्यांत नाही. सीटीवर गाठीची लांबी नाही तर आडवं माप बघतात, साधारण 8 ते 10 मिलिमीटरच्या वर गेलं की संशय. पण गाठ जंतूंमुळे सुजते, टीबीने वाढते, कधी बायोप्सीच्या सुईनंतरही फुगते. आणि उलटं म्हणजे बारक्या गाठीतही कॅन्सर असू शकतो, ते मात्र सीटीला दिसत नाही.

आमच्याकडे तेच झालं. मग पीएसएमए स्कॅन केला, त्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरची जागा चमकते. त्यात जांघेतली मोठी गाठ गप्प, आणि आतली 6 मिलिमीटरची, जिला सीटीने नॉर्मल म्हटलं होतं, ती चमकली. डॉक्टर म्हणाले, 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 302 पेशंटचा अभ्यास आला, त्यात पसरलेला आजार ओळखायला ह्या स्कॅनची अचूकता 92 टक्के निघाली, सीटी आणि बोन स्कॅनची मिळून 65. अर्थात अगदी बारीक गाठ ह्यातूनही सुटते हेही त्यांनीच सांगितलं.

कागदावर स्टेज 4, म्हणजे शेवटची पायरी, आलं, आईने परत रडायला घेतलं. पण फक्त ओटीपोटातल्या गाठींत गेलेला आणि हाडांत गेलेला, ह्यात फरक आहे म्हणे. बाबांना त्या भागाला धरून रेडिएशन दिलं आणि पुरुषी हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं दोन-तीन वर्षं चालणार, अंगातून गरम वाफा येतात त्यांना, रात्री फॅनखाली बसतात.

माझी तक्रार एवढीच की असा रिपोर्ट नुसता पाकिटात घालून देऊ नये. काउंटरवर कुणीतरी दोन वाक्यं मराठीत नाहीतर कोंकणीत सांगावीत, की गाठ म्हणजे कॅन्सरच असं नाही आणि ही डॉक्टरांना दाखवा. फुकट काम आहे. आमचे चार दिवस आणि माझं दोन किलो वजन वाचलं असतं. तुम्हीही एखाद्या डॉक्टरांकडून ह्यावर लिहून घ्या.

माटोळी बांधली, सुपारीचे घोस बाबांनीच लावले. पीएसए आता 0.4 आहे, आतली गाठ बसली, चिखल्या मलमाने गेल्या तशी जांघेतलीही गेली. बाबा चपला मात्र अजून घालत नाहीत.

— एक वाचक, फोंडा