ताई, आधी मोजायला लावलंत म्हणून

ताई,

त्या रात्री तुम्ही दोन तास माझ्यासोबत फोनवर होतात. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. ते इथे सगळ्यांसमोर मानतो, म्हणजे माझ्यासारखं कुणी अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आमच्या संकेतस्थळाचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एक्सप्रेस आवृत्तीवर होता. एका संध्याकाळी नव्या नोंदी घेणंच बंद झालं. पानं उघडत होती, पण काहीही साठत नव्हतं. या मोफत आवृत्तीत एका डेटाबेसचा डेटा १० जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. घाबरून मी डेव्हलपर आवृत्ती बसवायला निघालो होतो. तीही मोफत, शिवाय एंटरप्राइझ या सर्वांत मोठ्या आवृत्तीतलं सगळं तिच्यात असतं. तुम्ही लगेच अडवलंत. तिचा परवाना फक्त विकास आणि चाचणीपुरता आहे, चालू संकेतस्थळासाठी नाही.

मग मी स्टँडर्ड ही सशुल्क आवृत्ती विकत घेण्याची भाषा करू लागलो. त्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, "या १० जीबीत भरलंय काय?"

मला सांगता येईना. डेटाबेसमधल्या एकेका टेबलाची, म्हणजे तक्त्याची, जागा तुम्ही मला मोजायला लावलीत. बहुतेक जागा एकाच टेबलानं खाल्ली होती, कारण वाचकांची छायाचित्रं आम्ही थेट डेटाबेसमध्ये ठेवत होतो. ती फाइलींमध्ये हलवली, टेबलात फक्त पत्ता ठेवला. डेटा फाइल लहान करायची घाई मात्र तुम्ही करू दिली नाहीत. आत मोकळी झालेली जागा सर्व्हर पुन्हा वापरतोच.

खरा धक्का पुढे होता. रोज बॅकअप होतोय असं मी धरून चाललो होतो. पण ठरल्या वेळी अशी कामं आपोआप करणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट एक्सप्रेसमध्ये नसतोच! तुम्ही विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर बॅकअप लावून दिलात आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय फोन ठेवला नाहीत. याबद्दल किती आभार मानू?

स्टँडर्ड कधी घ्यायची तेही सांगितलंत. एक्सप्रेसला डेटा मेमरीत धरायला १,४१० एमबी आणि प्रोसेसरचे जास्तीत जास्त ४ कोअर मिळतात. वर्दळ वाढून तेवढं अपुरं पडू लागलं की त्याच जागी आवृत्ती वाढवायची.

आज सकाळी पुन्हा मोजलं. २.३ जीबी भरलंय, आणि कालचा बॅकअप उघडतोय.

तुमचा कृतज्ञ