एजंट चुकला, तर आधी टूलचे वर्णन वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआय एजंटने, म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः कामे करणाऱ्या प्रोग्रामने, भलतीच फाइल पुसली किंवा चुकीच्या दिवसाचे आरक्षण केले, की ‘मॉडेलच कच्चे’ असा निकाल लगेच लागतो. पुष्कळदा खोट निघते ती त्याला दिलेल्या टूलच्या, म्हणजे कामासाठी जोडून दिलेल्या छोट्या प्रोग्रामच्या, वर्णनात. कोड लिहायला महिना लागतो आणि वर्णन शेवटच्या दहा मिनिटांत उरकले जाते.

मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला भरून द्यायच्या मूल्यांची) यादी एवढ्यावरच त्याला भागवावे लागते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आणलेले ‘फंक्शन कॉलिंग’ घ्या, किंवा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. मॉडेलला टूल जोडण्याच्या या दोन्ही पद्धतींत मांडणी साधारण हीच. कोडमधली कॉमेंट किंवा टीममधल्या जुन्या माणसाला तोंडपाठ असलेला अपवाद मॉडेलपर्यंत पोचतच नाही.

समजा, ‘सर्च’ नावाचे टूल आहे आणि वर्णन आहे ‘डेटा शोधते’. यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी नाव ‘ऑर्डर_शोधा’ ठेवून असे लिहिता येईल: ‘ग्राहकाच्या ऑर्डरी शोधते. ऑर्डर क्रमांक किंवा नोंदवलेला ईमेल, यांपैकी एक द्यावा. फक्त गेल्या ९० दिवसांतल्या ऑर्डरी मिळतात. त्याआधीच्या हव्या असल्यास जुन्या_ऑर्डरी_शोधा वापरावे. एका वेळी जास्तीत जास्त २० नोंदी येतात, नवी आधी. रद्द झालेल्या ऑर्डरी यात येत नाहीत.’ यातले सर्वांत मोलाचे वाक्य शेवटचे, आणि नेमके तेच बहुतेक जण गाळतात. ते नसेल तर रिकामी यादी आल्यावर मॉडेल ग्राहकाला बिनदिक्कत सांगते, ‘तुमची ऑर्डरच नाही.’ टूल काय करते हे नावावरून निम्मे तरी कळते; काय करत नाही हे मात्र लिहिल्याशिवाय कळायला वाव नाही.

पॅरामीटरमध्ये घोळ होतो तो मोघमपणामुळे. ०३-०४-२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? ‘वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०४-०३’ असे लिहावे. वेळ असेल तर टाइमझोनही द्यावा. ‘टाइमआउट: ३०’ (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) हे सेकंद की मिलिसेकंद? एकक नावातच घाला: टाइमआउट_सेकंद. ठरावीक मूल्येच चालत असतील तर मोकळा मजकूर न ठेवता स्कीमामध्येच (पॅरामीटरच्या ठरीव आराखड्यातच) त्यांची बंद यादी द्यावी. आयडी मागत असाल तर तो कुठून आणायचा तेही सांगा: ‘ग्राहक_शोधा या टूलच्या उत्तरातला आयडी घ्यावा, अंदाजाने भरू नये.’ हे नसेल तर मॉडेल तिथे ग्राहकाचे नाव भरते, किंवा खऱ्यासारखा दिसणारा आयडी स्वतःच रचते.

एररचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग समजावा. नुसता ‘४००’ हा एरर-कोड परत आला की मॉडेल तीच चूक पुन्हा करते. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने हवी’ असे आले की बहुधा पुढच्याच कॉलमध्ये दुरुस्त करते. टाइमआउट झाल्यावर पुन्हा कॉल केला तर पैसे दोनदा जातील का, हेही लिहिलेले असावे.

‘पुसण्याआधी विचारा’ असे वर्णनात लिहिले म्हणजे बंदोबस्त झाला, असे मात्र समजू नये. ती सूचना झाली; अडवणूक सर्व्हरवरच्या परवानग्यांनीच करावी लागते. बाहेरून घेतलेल्या टूलच्या बाबतीत तर उलटाच धोका असतो. वर्णनात दडवलेला आदेशही मॉडेल वाचते, म्हणून टूल जोडण्याआधी आणि प्रत्येक अपडेटनंतर ते माणसाने वाचलेच पाहिजे.

लांबीचाही हिशेब आहे. टोकन म्हणजे मॉडेल वाचते तो मजकुराचा छोटा तुकडा. ४० टूल आणि प्रत्येकाचे वर्णन २०० टोकनचे, तर प्रश्न विचारण्याआधीच ८,००० टोकन खर्ची पडतात. कात्री लावायची तर ‘शक्तिशाली’, ‘अत्याधुनिक’ अशा विशेषणांना लावावी, मर्यादा सांगणाऱ्या वाक्यांना नव्हे. ‘नेहमी हेच टूल वापरा’ असे दटावणेही नको. मग ते नको तिथेही वापरले जाते.

वर्णन जमले की नाही, हे लॉगमध्ये, म्हणजे टूलच्या वापराच्या नोंदींत, कळते. वीस-तीस खऱ्याखुऱ्या विनंत्या घ्याव्यात. त्यांतल्या काहींत हे टूल वापरायचेच नसावे. कोणते टूल निवडले गेले आणि कोणती मूल्ये भरली गेली, ते पाहावे. एका वेळी एकच वाक्य बदलावे, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही.

शिवाय कोड बदलेल त्याच कमिटमध्ये (बदलांच्या त्याच नोंदीत) वर्णनही बदलायला हवे. वरच्या टूलची मुदत ९० वरून १८० दिवस केली आणि वर्णन तसेच राहिले, तर १२० दिवसांपूर्वीची ऑर्डर मॉडेल जुन्यांत शोधेल. तिथे ती नसेल, आणि ग्राहकाला पुन्हा तेच उत्तर मिळेल: ‘तुमची ऑर्डरच नाही.’

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता