तुमची हरकत मनात धरून

शारजा

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

सोनूच्या सातवीच्या पहिल्या सत्राची फी आम्ही परवा भरली, म्हणजे जूनमध्ये तो सांगलीच्या शाळेत येणार नाही, हे आधीच लिहून टाकते. फोनवर सांगताना बाबा गप्प झाले आणि आईने घाईघाईने भाजीचा विषय काढला, तेव्हा मला पुढे बोलवले नाही. बाबांनी मुख्याध्यापकांना भेटून ठेवले होते आणि आईने माडीवरची खोली रंगवून घेतली होती, हे मला ठाऊक आहे. तो रंग वाया जाणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा तो त्याच खोलीत राहील. आंबे तेवढे संपलेले असतील.

बाबा, ‘त्याच्या अरबीला माझी सक्त हरकत आहे’ असे तुम्ही म्हणालात. रागावणार नसाल तर सांगते, हरकत हा शब्दच अरबी आहे आणि सोनू वर्षभर हरकतीच शिकतो आहे. अक्षराच्या वर किंवा खाली फतहा, कसरा, दम्मा अशा स्वर दाखवणाऱ्या ज्या लहान खुणा करतात, त्यांना तिथे हरकत म्हणतात. नवशिक्यांच्या पुस्तकात त्या छापतात, मोठ्यांच्या वर्तमानपत्रात छापत नाहीत, वाचणाऱ्याने त्या मनात धरायच्या असतात. अठ्ठावीस अक्षरे, तीही उजवीकडून डावीकडे आणि शब्दात जागा बदलली की रूप बदलणारी, यांनी पहिली दोन वर्षे त्याला रडवले होते. आता बँकेतले तुमचे जमा, वसूल, बाकी, रक्कम, तपशील हे सगळे शब्द त्याला अरबीच्या तासाला भेटतात आणि तो घरी येऊन ‘हा आजोबांचा शब्द’ असे सांगतो. नववीपर्यंत हा विषय इथे सक्तीचाच आहे, पण सक्ती नसती तरी मी तो ठेवला असता, असे आता वाटते.

आई, तुझी काळजी वेगळी आहे आणि तू ती आडून आडून विचारतेस, म्हणून सरळ लिहिते. इस्लामचा अभ्यास हा विषय मुसलमान मुलांनाच असतो. त्या तासाला सोनू आणि वर्गातली इतर मुले ग्रंथालयात बसतात. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा मूळचा खेडचा आहे. तो त्या तासाहून परत आला की नमाजाआधी हातपाय कसे धुवायचे याची कृती करून दाखवतो, आणि सोनू त्याला तू शिकवलेले ‘शुभंकरोति’ म्हणून दाखवतो. रमजानात शाळा लवकर सुटते आणि त्या मुलाची आई आमच्याकडे सांदण पाठवते. तुझ्या सांदणाची सर त्याला नाही, पण हे मी तिला कळू दिलेले नाही.

खरे सांगायचे तर मला स्वतःला खटकते ते तिसऱ्याच विषयात, नैतिक, सामाजिक आणि सांस्कृतिक अभ्यासात. २ डिसेंबर १९७१ ला सहा अमिरातींचा संघ झाला, सातवी रास अल खैमा पुढच्या फेब्रुवारीत आली, चांगल्या नागरिकाची कर्तव्ये कोणती, हे सोनू घडाघडा सांगतो. पण तो इथला नागरिक नाही, होण्याची शक्यताही नाही, आमचे राहणे व्हिसाच्या मुदतीवर आहे. झेंड्याच्या दिवशी तो रांगेत ताठ उभा राहतो तेव्हा मला अभिमान वाटतो आणि पोटात तुटतेही. त्याच दप्तरात आपल्या केंद्रीय शिक्षण मंडळाचे (सीबीएसईचे) पुस्तक असते आणि त्यातून तो आपली राज्यघटनाही शिकतो, म्हणून मी गप्प बसते. याच विषयाच्या एका प्रकल्पात त्याला कळले की १९५९ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखाती रुपया काढला होता आणि तो इकडे १९६६ पर्यंत चालत होता. दिरहम तर १९७३ मध्ये आला. त्यावर तुम्हाला विचारायचे सात प्रश्न त्याने वहीत लिहून ठेवले आहेत. उत्तरे तुम्हीच द्या, बाबा, मला येत नाहीत.

अधल्यामधल्या वर्गातून मुलाला उचलले की काय होते ते आपण माझ्या मिरजेच्या वर्षी पाहिले आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. तेव्हा रात्री बाबा माझ्या उशाशी पाढे म्हणत बसायचे, मला झोप लागली तरी एकोणतीसचा पूर्ण करूनच उठायचे; अजूनही मला तो पाढा तुमच्याच आवाजात ऐकू येतो. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस इथे सुट्टी असते, तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी सोनू तासभर व्हिडिओवर तुमच्याकडे मराठी वाचेल. यात खंड पडणार नाही, हे मी बघेन.

आता ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाआधी घ्यायची, वर्तमानपत्र झाल्यावर नव्हे. आईने गुडघा बरा होईपर्यंत माडी चढायची नाही. खोली झाडायला मावशी आहेत, त्यांना मी महिन्याचे वेगळे पैसे पाठवले आहेत, ते परत करू नका. साखरेचा तपास या आठवड्यातच करा आणि अहवालाचा फोटो पाठवा, ‘सगळे ठीक आहे’ एवढे मला पुरणार नाही.

बाबा, तुमची हरकत मी खोडलेली नाही, मनात धरली आहे. सोबत सोनूचा कागद आहे, तो उजवीकडून बघा. अरबीत ग नसल्यामुळे सांगली लिहिताना त्याने ‘घैन’ हे अक्षर वापरले आहे, तेव्हा ती ‘सांघली’ झाली आहे. आजोबा मात्र त्याने मराठीतच लिहिले आहे.

तुमची,
ताई